रेलगन: वीज पुरते, रूळ टिकत नाहीत

रेलगन म्हणजे दारूऐवजी विजेच्या जोरावर, दोन समांतर रुळांमधून गोळा फेकणारी तोफ. तिचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एवढी वीज आणायची कुठून? आधी हिशेब करू. १० किलोचा गोळा सेकंदाला २.५ किलोमीटर वेगाने सोडायचा, तर त्याची गतिज ऊर्जा ३१ मेगाज्यूल. कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर एका गोळ्यामागे साधारण १०० मेगाज्यूल लागतात, म्हणजे २८ युनिट. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची ही आठवड्याची वीज.

अडचण वेळेची आहे. १० मीटरच्या नळीत गोळा जेमतेम ८ मिलिसेकंद राहतो. तेवढ्यात त्याला ३१ मेगाज्यूल द्यायचे, तर सरासरी शक्ती जवळपास ४ गिगावॉट होते. म्हणून वीज साठवणारे कपॅसिटर आधी भरून ठेवायचे आणि एका दमात रिकामे करायचे.

रेलगनमधलं बल प्रवाहाच्या वर्गावर आणि रुळांच्या दर मीटर इंडक्टन्सवर (ठरावीक प्रवाहाने किती चुंबकीय प्रभाव तयार होतो त्याचं माप) ठरतं. हा इंडक्टन्स साधारण ०.५ मायक्रोहेन्री असतो. त्यावरून लागणारा प्रवाह निघतो सुमारे ३५ लाख अँपिअर. हाच प्रवाह दोन्ही रुळांनाही एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यामुळे त्यांना बाहेरून भक्कम आवळावं लागतं.

पण खरा घोळ होतो तो आर्मेचर (एका रुळातून दुसऱ्यात प्रवाह नेणारा आणि गोळ्याला ढकलणारा धातूचा सरकता तुकडा) आणि रूळ जिथे टेकतात तिथे. आर्मेचर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं. वेग वाढला की प्रवाहाला रुळाच्या तांब्यात खोल शिरायला वेळच मिळत नाही; तो स्पर्शाच्या मागच्या कडेला एकवटतो. तिथलं अ‍ॅल्युमिनियम वितळतं. सुरुवातीला हा पातळ थर वंगणासारखा उपयोगी पडतो, पण तो निघून गेला की फट पडते, ठिणगीचा झोत पेटतो आणि रूळ खरवडला जातो. अतिवेगात नुसत्या घासण्यानेही तांब्यात थेंबाच्या आकाराचे खड्डे पडतात. सुरुवातीला मात्र उलटी तऱ्हा: आर्मेचर जागेवर असताना सगळी उष्णता एकाच ठिकाणी साठते. म्हणून काही प्रयोगांत त्याला वायुदाबाने आधी ढकलून देतात.

अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या डॅल्ग्रेन इथल्या आपल्या केंद्रात ३३ मेगाज्यूलचा मारा करून दाखवला, आणि २०२१ मध्ये प्रकल्प थांबवला. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून झाडलेली रेलगन ४० मिलिमीटरची. आकड्यांनी दिपवणारी नाही, पण लहान गोळा, कमी प्रवाह, रुळांना कमी मार. मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो.