शोल्डर प्लेन घ्यावा का? आठव्या सांध्याने दिलेलं उत्तर

काल रात्री टेबलाचा सांगाडा ग्लू न लावता जोडून पाहिला. सात सांधे छान बसले. आठव्याला दर्शनी बाजूने फट! साधे कागद सारून पाहिले, तीन सहज गेले. म्हणजे साधारण ०.३ मिमी.

मित्राचा १९ मिमीचा शोल्डर प्लेन (सांध्याचे खांदे साफ करायचा अरुंद रंधा) दोन दिवसांसाठी माझ्याकडेच आहे. पात्याला ताजी धार लावली आणि कुसवाच्या खांद्यावर चालवला. (कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाची, पायाच्या खाचेत बसणारी जीभ; खांदा म्हणजे तिच्या मुळाशी असलेली पायरी.) परत जोडलं, तर चार कागद जायला लागले. फार जिवाला लागलं.

गुण्या लावल्यावर कारण सापडलं. पट्टीच काटकोनात नव्हती. अशा पट्टीवर चारी बाजूंनी आखणी फिरवली की शेवटची रेघ पहिलीला मिळतच नाही आणि खांदा दोन पातळ्यांवर कापला जातो. रंधा त्या चुकलेल्या खांद्यावरच टेकून चालतो, तो चूक सुधारणार कशी? त्यात माझा खांदा जेमतेम ६० मिमी लांब. त्यावर एवढा लांब तळ टेकवला की सुरुवातीला आणि शेवटी तो झुकतो, आणि कडा जास्त खाल्ल्या जातात.

शेवटी काम पटाशीने झालं. पट्टी जॅक रंध्याने काटकोनात आणली, सुरीची रेघ नव्याने मारली, पटाशीची सपाट पाठ रेघेत टेकवली आणि सरळ खाली दाबत गेलो. खांद्याचा आतला भाग कडेपेक्षा केसभर खोल घेतला. बाहेरून दिसते ती फक्त कडा, आणि टोकाच्या तंतूंना ग्लू तसाही नीट धरत नाही. समोरच्या पट्टीचा खांदाही तेवढाच मागे घ्यावा लागला, नाहीतर सांगाडा तिरका झाला असता. आता एकही कागद जात नाही. मागे दिवा धरला तरी उजेडाची रेघ दिसत नाही. दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

कुसवाच्या गालांसाठी, म्हणजे त्याच्या रुंद बाजूंसाठी, माझं मत पक्कं आहे: राउटर प्लेन (तळाच्या खाली पातं उतरलेला रंधा). त्याचा तळ दर्शनी बाजूवर टेकतो, म्हणून गाल तिला समांतरच येतो.

इथपर्यंत आल्यावर ‘घेणार नाही’ असं लिहिणार होतो. पण वरच्या फळीला ब्रेडबोर्ड एंड (टोकांना आडव्या बसवायच्या पट्ट्या) लावायचेत आणि तिथला खांदा ४५० मिमी लांब आहे. एवढ्या लांबीवर तळाला भक्कम आधार मिळतो, आणि पटाशीने तेवढी रेघ एकसलग ठेवणं मला तरी जमत नाही. तेव्हा बेत बदलला. प्लेन उद्या परत द्यायचाय, म्हणून ग्लू लावणं थांबवून आधी फळी घेतो. रेघेवर सरळ पट्टी क्लॅम्प करायची आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे रंधायचं, म्हणजे पलीकडची कड तुटणार नाही.

हे नीट जमलं तर घेईन. बाजू तळाशी काटकोनात आहेत का आणि पातं दोन्हीकडे किंचित बाहेर येतं का, एवढं मात्र हातात घेऊन तपासणार. पातं आत राहिलं तर दर फेरीला कोपऱ्यात पायरी उरत जाते. मित्राच्या प्लेनचं पातं डावीकडे आत आहे, फळीला हात लावण्याआधी तेच सरकवून घेतो.