पोपरिंगे: दगडावरच्या 41 वर्षांचा हिशेब

बेल्जियममधल्या कोर्ट्राइकहून निघालेली गाडी इपर मागे टाकते आणि पोपरिंगेला रूळच संपतात. पर्यटक जवळजवळ सगळे इपरलाच उतरतात, बरंच आहे. न्यूझीलंडचा रग्बी कप्तान डेव्ह गॅलाहर जिथे पुरलाय ती पहिल्या महायुद्धातली नाइन एल्म्स दफनभूमी गावाच्या पश्चिमेला. चालत निघालात तर पाऊण तास धरा, आणि पाणी, स्वच्छतागृह वगैरे गावातच उरकून घ्या, कारण तिथे कसलीही सोय नाही.

प्रवेशाशी भिंतीतल्या छोट्या कपाटात नोंदवही असते. तिच्यात विभाग रोमन आकड्यात, रांग अक्षरात, शेवटी कबरीचा क्रमांक. इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा ‘जी’ गाळून शोधा, नाहीतर गॅलाहर सापडणार नाही. कुटुंबाने तो न्यूझीलंडला गेल्यावर टाकून दिला होता.

दगडावर न्यूझीलंडची खूण असलेलं फर्नचं पान, सार्जंटचा हुद्दा, तारीख 4 ऑक्टोबर 1917 आणि वय 41. हे वय खोटं आहे. जन्म आयर्लंडमधल्या रॅमेल्टनचा, 1873 सालचा. म्हणजे मरताना 43 पूर्ण. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात भरती होतानाच त्याने वय कमी सांगितलं होतं. 1916 साली, महायुद्धात, तर बायको-मुलीचा संसार असलेल्या या माणसाला सक्ती नव्हतीच, तरी गेला. त्याचे आणखी दोन भाऊही याच महायुद्धात मारले गेले.

रग्बीवाल्यांना तो आठवतो 1905च्या दौऱ्याचा कप्तान म्हणून. न्यूझीलंडचा स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी समोरच्या संघाशी खांद्याला खांदा भिडवणारी फळी, तेव्हा सात जणांचा, 2-3-2 अशा रांगांचा. आठवा खेळाडू म्हणजे गॅलाहर: चेंडू आत टाकायचा आणि बाजूलाच उभं राहून स्क्रममधून बाहेर येणारा चेंडू घेणाऱ्या आपल्या हाफबॅकला आडोसा द्यायचा. ब्रिटिश प्रेक्षकांना ही सरळसरळ अडवणूक वाटे, हुर्यो उडवायचे. मला विचाराल तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. 35 सामन्यांत हार एकच, कार्डिफला वेल्सकडून 0-3. त्या दिवशी पंचांनी स्क्रमपाशी इतक्या वेळा दंड दिला की गॅलाहरने आपल्या पुढच्या फळीला चेंडूसाठी झगडूच नका असं सांगून टाकलं. त्याच सामन्यात पंचांनी नाकारलेल्या न्यूझीलंडच्या बॉब डीन्सच्या ट्रायवरून (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) आजही वाद घालणारे भेटतात, इथे मात्र कुणीच नसतं.

संध्याकाळी आठला इपरच्या मेनिन गेट या युद्धस्मारकाखाली मृत सैनिकांसाठी वाजणारं बिगुल ऐकायला जायचं तर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. उशीर झाला तर पुढच्यांचे उंचावलेले मोबाईलच दिसतात. मुक्काम पोपरिंगेतच करा: बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचं गाव, बिअर उत्तम.