टुरिस्टच्या गोलाखाली

रेडियमच्या, म्हणजे गाड्यांना स्टिकर लावायच्या, धंद्यात चिकटवायचे पैसे मिळतात, काढायचे मागून घ्यावे लागतात. "नवीन तुमच्याकडनंच लावतोय की, जुनं तेवढं उचकटून टाका," असं म्हणणारं गिऱ्हाईक रोजचंच. मोटारसायकलच्या टाकीवरची पट्टी असली तर मीही वाद घालत नाही. हीट गन फिरवली, पट्टी ओढली, विषय संपला. पण गेल्या एप्रिलात कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या दुकानासमोर जी गाडी येऊन थांबली, तिला बघितल्या बघितल्या मी वहीत दोन वेगळी बिलं मांडली. काढायचं बिल लावायच्यापेक्षा मोठं होतं.

टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली कॅरॅव्हॅन. पुढची केबिन पत्र्याची, मागची सगळी पेटी फायबरची. आत पलंग, शेगडी, बेसिन, कपाट, म्हणजे सगळा संसारच. आधी ती भाड्यानं फिरायची. मग धंदा बसला आणि गाडी बरीच वर्षं एका जागी उभी राहिली. आता बँकेतनं निवृत्त झालेल्या एका काकांनी ती घेतली होती आणि खासगीत करून घ्यायची होती, म्हणजे पिवळी नंबरप्लेट जाऊन पांढरी.

पर्यटक परवान्याच्या मोठ्या गाडीचा पोशाख १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ठरवून दिला होता: पांढरा रंग, अंगाच्या मधोमध ५ सेंटिमीटर रुंदीची निळी पट्टी, आणि दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोलात 'टुरिस्ट' हा शब्द. एवढं तर या गाडीवर होतंच. वर आधीच्या मालकाची हौस म्हणून नारळाची झाडं, मावळता सूर्य, दोन पक्षी आणि लांबनं वाचता येईल एवढा मोबाइल नंबर.

"जाईल तिथं लोक भाडं विचारतात," काकू म्हणाल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "गणपतीपुळ्याला एक बाई पिशव्या घेऊन आतच येऊन बसली."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. उजव्या बाजूचं स्टिकर फिकं झालं होतं, पण अख्खं होतं. डाव्या बाजूचं बघवत नव्हतं. सगळीकडं भेगा, कडा आत आखडलेल्या, आखडल्या तिथं उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ. गंमत म्हणजे त्याच बाजूचा मागचा कोपरा, चाकाच्या मागं, बऱ्यापैकी शाबूत होता.

"काका, गाडीचं तोंड पश्चिमेला करून उभी होती ना? आणि मागच्या अंगाला झाड?"

"जांभूळ. तुम्ही ती जागा बघितलीय काय?"

जागा बघायची गरज नसते. तोंड पश्चिमेला म्हणजे डावं अंग दक्षिणेला, आणि आपल्याकडं वर्षातले बरेच महिने ऊन दक्षिणेकडनं येतं. स्टिकर असतं विनाईलचं, आणि विनाईल म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. ऊन आणि उष्णता तो हळूहळू बाहेर काढतात. मग विनाईल आखडतं, कडक होतं आणि जुन्या पापडासारखं हात लावेल तिथं तुटतं. त्यात स्वस्तातला लाटून काढलेला माल वापरला असेल तर बघायलाच नको. ओतून केलेलं महाग विनाईल पातळ असून जास्त टिकतं, पण भाड्याच्या गाडीला ते कोण लावतंय?

उजवी बाजू दुकानातल्या पोरानं सकाळीच उरकली. गाडी थोडा वेळ उन्हात तापू दिली, कोपरा नखानं उचलला, आणि स्टिकर स्वतःवरच उलटं दुमडून सावकाश ओढलं. पट्टीच्या पट्टी निघाली, गोंद बहुतेक तिच्याबरोबरच आला. सावकाश हा शब्द आमच्या पोराला झेपत नाही. तो हिसका मारतो आणि मग गोंद मागं राहतो. पण त्या दिवशी शेजारी काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यामुळं वर्ग शांत होता.

डाव्या बाजूला आल्यावर तो म्हणाला, "ताई, चाक लावू का?"

चाक म्हणजे ड्रिलला लावायचं रबरी चाक. खोडरबरासारखं झिजत जातं आणि स्टिकर, गोंद दोन्ही खाऊन टाकतं. केबिनच्या पत्र्यावर मी लावू दिलं, तेही दाराच्या आतल्या कडेला थिनरचं फडकं घासून बघितल्यावर. ड्रायव्हरच्या दाराचा रंग फडक्याला आला. म्हणजे ते दार कुणीतरी मागाहून रंगवून घेतलेलं. त्याला थिनरही नाही आणि चाकही नाही, नुसतं टर्पेंटाइन आणि हात. बाकीच्या पत्र्यावर चाक फिरलं. एका जागी थांबवलं की ते रंग भाजतं, म्हणून हलत ठेवायचं.

फायबरवर मात्र नाही म्हटलं. फायबरच्या पेटीला वरनं जेलकोटचा थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. त्याखाली फायबर, मग प्लायवुड, मग आतलं अस्तर. एका जागी उष्णता धरली की जेलकोटला फोड येतो किंवा फायबर प्लायपासनं सुटतं, आणि सुटलेलं परत बसत नाही. हीट गनच्या तोंडाशी चारशे-पाचशे अंश असतात. विनाईल मऊ व्हायला पन्नास-साठ पुरतात. म्हणून गन लांब धरायची, फिरवत राहायची आणि मधनं मधनं तळहात टेकवायचा. हात ठेववेना झाला की जास्त झालं. खिडक्या ॲक्रिलिकच्या होत्या, त्यांना कागद आणि मास्किंग टेप. थिनरचा शिंतोडा बसला तर ॲक्रिलिकला जाळीच्या बारीक भेगा पडतात, आणि तसली खिडकी कोल्हापुरात मिळत नाही.

दुपारभर आम्ही दोघं प्लॅस्टिकच्या पत्तीनं नखाएवढे तुकडे काढत बसलो. नारळाचं एक झाड संपायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. पोऱ्या मागं चिकटवलेली लाल रिफ्लेक्टिव्ह टेपही काढायला निघाला होता, त्याला थांबवलं. गाडी खासगी झाली म्हणून गगनबावड्याच्या घाटात रात्री मागनं येणाऱ्याला ती दिसायला नको असं थोडंच आहे?

मग 'टुरिस्ट'चा गोल घेतला. तुकडे निघाले तसा खाली जेलकोटमध्ये एक बारीक रेघ दिसायला लागली, गोलाच्या कडेनं पूर्ण फिरलेली. ब्लेडच्या पत्तीची रेघ. ज्यानं कुणी हे लावलं होतं, त्यानं गोल प्लॉटरवर, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनवर, कापून आणला नव्हता. विनाईलचा चौकोनी तुकडा गाडीवर चिकटवून गाडीवरच पत्ती फिरवली होती. याचा मला मनापासून राग येतो. गाडीचं अंग म्हणजे कापायचा पाट नव्हे. केबिनच्या दाराशी निळी पट्टी अशीच कापली होती आणि तिथं पत्र्यावर रेघेबरहुकूम गंज धरला होता. आता तर दोऱ्याची टेप मिळते: आधी ती चिकटवायची, वरनं विनाईल लावायचं आणि दोरा ओढला की विनाईल खालनं कापलं जातं. पत्ती गाडीला लागतच नाही.

रेघ इतकी गोल कशी, हा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तर मधोमध सापडलं. गोंदाच्या ढेकळाखाली एक भोक होतं. खिळ्याचं. गड्यानं खिळा ठोकला, सुतळी बांधली आणि सुतळीच्या टोकाला पत्ती धरून गोल फिरवला. मग खिळा काढला आणि भोकावर 'टुरिस्ट'मधलं एक अक्षर चिकटवून दिलं.

मी बोटाच्या पेरानं भोकाभोवती वाजवून बघितलं. कडेला टणटण, भोकाजवळ बद्द. भोकाच्या खाली वीतभर तसंच बद्द.

"काकू, आत या बाजूला काय आहे?"

"कपाट. त्याचा वास येतो म्हणून तर मी कपडे ठेवत नाही. छताच्या झाकणाचं सिलिकॉन यांनी दोनदा करून घेतलं."

कपाटाचा तळ काढला. प्लाय काळी पडलेली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आत गेलं. छत कोरडं ठणठणीत होतं. पाणी या खिळ्याच्या भोकातनं येत होतं. पोरगा पळत उजव्या बाजूला गेला. तिकडच्या गोलातही मधोमध तसंच भोक होतं, सकाळी आम्ही त्याला गोंदाचा डाग समजून टर्पेंटाइनसाठी ठेवून दिलं होतं. तिथं वाजवलं तर टणटण. तिकडचं स्टिकर अख्खं राहिलं होतं, त्यामुळं पाणी शिरलंच नाही. इकडचं उन्हानं फाटलं आणि पुढचे सगळे पावसाळे भिंतीत मुरले. चाक फिरवलं असतं तर रबराचा आणि गोंदाचा चुरा त्या भोकात घट्ट बसला असता, वरनं पॉलिश झालं असतं आणि काकांनी छताचं सिलिकॉन तिसऱ्यांदा करून घेतलं असतं.

हे काम माझं नव्हे. मागच्या गल्लीतल्या फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं आतनं अस्तर कापून सडलेली प्लाय काढली, भिंत उघडी ठेवून वाळवली, मग नवी प्लाय, रेझिन, मॅट, आणि बाहेरनं दोन्ही भोकांना जेलकोटचा ठिपका. त्यात जे दिवस गेले ते गेले. काका रोज येऊन भोकाकडं बघायचे आणि "एका खिळ्यानं!" म्हणून जायचे.

त्यानंतर घासणं. उघड्या अंगावरचा जेलकोट खडूसारखा झाला होता, हात फिरवला की पांढरा व्हायचा. स्टिकरखालचा मात्र नव्यासारखा. म्हणून सगळं सोलून झाल्यावरही 'टुरिस्ट' तसाच वाचता येत होता, मोबाइल नंबरसुद्धा. हजार नंबरचा पाणपेपर, मग दोन हजारचा, मग कंपाऊंड, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. जेलकोट गाडीच्या रंगापेक्षा पुष्कळ जाड असतो, त्यामुळं एवढं घासून घेतो. केबिनच्या रंगाला मी पेपर लावलाच नाही, कंपाऊंडवरच थांबले. दारावरचा गंज खरवडून प्रायमर आणि रंगाचा हात दिला. उजव्या बाजूचं सगळं गेलं. डावीकडं तिरक्या उन्हात गोल अजून किंचित दिसतो, आणि ते मी गाडी देण्याआधी काकांना उभं करून दाखवलं.

बिलावर घासाघीस झाली नाही. काका म्हणाले, "आता यावर सह्याद्री लावू. डोंगर, एखादा किल्ला."

"काहीएक लावायचं नाही," काकू म्हणाल्या.

गाडी पांढरीशुभ्रच गेली. आरटीओचं काम झाल्याचा फोन आला, आणि मग एका संध्याकाळी काका एकटेच स्कूटरवरनं आले. मोबाइलमध्ये पन्हाळ्याचं चित्र होतं.

मी विचारलं, "काकूंना विचारलंय का?"

"विचारलं. म्हणाली, खिळा न मारता लावणार असतील तर लावा."