१२६ चे १३० : आमच्या सायकल वर्कशॉपची वाटचाल

सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नसलेल्या एका बोळात अण्णांनी सायकली तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. बावीस इंची आणि चोवीस इंची काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर आणि वहीत नाव, गाव, वेळ. शाळा सुटली की मी पंक्चरच्या टबाशेजारी बसायचो. बुडबुडा कुठून येतोय ते बघायचं, चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला शिकायचं, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन मोजून ठेवायचे. हीच माझी पहिली शाळा.

घरोघरी मोटरसायकली आल्या आणि भाड्याचा धंदा बसला. अण्णांनी दुकान बंद केलं नाही, पण मला त्यात ओढलंही नाही. आयटीआयला टर्नरचा कोर्स करून मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये लेथवर लागलो. दुकानात आम्ही सुताच्या हिशेबात बोलायचो, शेडमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात बसलं ते तिथे. अण्णा मात्र अधूनमधून आठवण करून द्यायचे, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानेच, आपल्या जिल्ह्यातली १९१० ची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. सायकलच्या दुकानाला कोणी हलकं म्हटलेलं त्यांना खपत नसे. मलाही खपत नाही.

मी दुकानात परत आलो तो २०१९ च्या पुरामुळे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. दुकानात माणूसभर उंचीच्या वर पाणी होतं. २००५ चा पूर अण्णांनी पाहिला होता, म्हणून वह्या आणि हत्यारं त्यांनी वेळेत हलवली. सायकली तशाच राहिल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं फावड्याने गाळ काढत होतो. दुरुस्तीला आलेल्या स्वस्तातल्या नव्या सायकलींची बेअरिंगं गेली होती, सस्पेन्शनचे चिमटे गाळाने आवळले होते, आणि त्यांतले बरेच भाग उघडताच येत नव्हते. छताच्या आकड्यांना मात्र पाच-सहा जुन्या रेसिंग सायकली टांगलेल्या होत्या. आमच्या भागातली पोरं मुंबई–पुणे शर्यतीला जायची, त्यांच्यापैकी काहींनी शर्यती सुटल्यावर विकायला म्हणून आणून ठेवलेल्या. त्याही बुडाल्या होत्या. आम्ही त्यांचे कप-कोन (छर्रे ज्यांत फिरतात ते भाग) उघडले, डिझेलने धुतले, बीबीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल बसतो त्या, नळीतून कॉम्प्रेसरने हवा मारली. सीट ट्यूबमधून (सीटखालच्या नळीतून) काळा चिखल भसकन बाहेर आला. आतून तेल फिरवलं, नवे छर्रे घातले, आणि चौथ्या दिवशी त्यातली एक सायकल घेऊन मी विश्रामबागपर्यंत जाऊन आलो. फ्रेमला काहीही झालेलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, की आपण यावर काम करायचं.

चालवताना फ्रेम उत्तम वाटत होती, बाकी सगळं थकलं होतं. लोखंडी क्रोमच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक लागता लागत नाहीत. गिअर बदलायला हँडल सोडून हात खाली डाउन ट्यूबवरच्या (हँडलकडून पायडलकडे उतरणाऱ्या नळीवरच्या) खटक्याकडे न्यायचा, तोही खड्ड्यांच्या रस्त्यावर. पुढे ५२ आणि ४२ दात, मागे सगळ्यांत मोठं फ्रीव्हील २८ चं. विशीतल्या रेसरला ते चालतं, पण तीच सायकल आता पन्नाशीत पुन्हा काढणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. मग नवी चाकं, नवे ब्रेक आणि नवे गिअर जुन्या फ्रेमवर का बसवू नयेत?

बसत नाहीत म्हणून. मागचं चाक जिथे अडकतं त्या दोन कानांमधलं अंतर मागे पाच गिअर असलेल्या जुन्या फ्रेमला १२० मिमी असतं, सहा-सात गिअरच्या फ्रेमला १२६. आठपासून अकरा गिअरपर्यंतच्या रोड हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, १३० लागतात. हे चार मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्याची उंबरठ्याची पायरी. काही जण हाताने ताणून चाक कोंबतात. चाक बसतं, पण कान एकमेकांना समांतर राहत नाहीत, आणि वाकड्या बसलेल्या एक्सलवर रोजचा ताण येऊन तो एक दिवस तुटतो.

आम्ही फ्रेम थंडच वाकवतो, ज्योत लावत नाही. आधी गवंड्याची लाइनदोरी घ्यायची. एका कानापासून सुरू करून हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालायचा आणि दुसऱ्या कानाशी ताणून बांधायची. सीट ट्यूब आणि दोरी यांतलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे व्हर्नियरने मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. मग एका बाजूला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन. लाकडाची लांब तुळई लावून एकेक बाजू वेगळी दाबायची, कारण दोन्हीकडून एकदम ताणलं की जी बाजू कमजोर ती जास्त जाते. लोखंड परत मागे येतं, म्हणून दोनसाठी जरा जास्त दाबावं लागतं. किती जास्त, हे प्रत्येक फ्रेमला वेगळं. दाब, सोड, मोज. दाब, सोड, मोज. पहिल्या फ्रेमला मला अख्खी दुपार लागली, आणि शेवटी व्हर्नियरवर १३० दिसल्यावर अण्णांनी स्वतः दोरी लावून पुन्हा मोजलं. नंतर दोन्ही कान समांतर करायचे, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो हँगर सरळ करायचा. हे सगळं फक्त पोलादाच्या फ्रेमला. ॲल्युमिनिअम आणि कार्बनची फ्रेम वाकवायला आणली तर आम्ही हात जोडून परत पाठवतो. ती तिथे नाही, तर पुढे कधीतरी रस्त्यात तुटते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीच्या दिवसांत मिरजेचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर त्यांच्या वडिलांची विलायती सायकल घेऊन आले. मी जुने बीबी कप काढून नवं सीलबंद कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला नग) बसवायला घेतलं. व्यास जुळत होता. उजवीकडचे आटे उलटे असतात हेही मला माहीत होतं. दोन फेरे हाताने गेले, तिसऱ्याला अडलं. मी पान्ह्याला पाइप लावला. कर्रर्र आवाज आला आणि आट्यांची चकाकती तार बाहेर आली. रॅले या इंग्लंडच्या कंपनीने नॉटिंगहॅमच्या आपल्या जुन्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले होते, आणि बाकीच्यांचं माप २४ चं. व्यास तोच, पण आट्यांची चाल वेगळी. लेथवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने आधी पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावायला हवा होता. तो माझ्या खिशात होता.

अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले, "आटा अडला म्हणजे तो सांगालाय कायतरी. ऐकायचं असतंय."

मी मास्तरांना फोन करून खरं सांगितलं. ते आले, बीबीच्या नळीत बोट फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "आता काय करता येईल ते सांगा." आट्यांशिवाय दोन्ही बाजूंनी आतून आवळून बसणारं एक कार्ट्रिज मिळतं. ते मागवून माझ्या खर्चाने बसवलं. मास्तर त्या सायकलवर अजून फिरतात. त्यानंतर आमच्या दुकानात एकच नियम आहे. माप लिहिल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही. कार्डावर कानांचं अंतर, बीबीचे आटे आणि रुंदी, सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) व्यास, स्टेमचा (हँडलच्या दांड्याचा) व्यास, ब्रेकच्या भोकापासून रिमपर्यंतचं अंतर. २६ आट्यांची फ्रेम आली तर आता आम्ही मूळचे कप तसेच ठेवतो आणि आत फक्त चौकोनी टोकाचा एक्सल घालतो, म्हणजे कॉटर पिनने (पाचरीने) अडकवायच्या जुन्या क्रँकऐवजी आजचा क्रँक (पायडलचा दांडा) बसतो.

२०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना थांबला. अण्णांनी तो पेपर अजून जपून ठेवलाय. लॉकडाऊनमध्ये लोकांना सायकल हवी होती आणि नवी मिळत नव्हती, म्हणून माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कराड इथून माणसं यायला लागली. मी एमआयडीसीतली नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला. तोवर आम्ही वरच्या मजल्याची खोली भाड्याने घेतली होती, त्यामुळे फ्रेमा वाचल्या. खालच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा अण्णांनी ठेवल्या आहेत. त्यांच्या वर रंग लावू देत नाहीत.

चाकांचं काम मला सगळ्यांत आवडतं. जुन्या दहा गिअरच्या (पुढे दोन, मागे पाच) सायकलींना २७ इंची चाकं असत, रिमचा बसणारा व्यास ६३० मिमी. आजची ७०० सी म्हणजे ६२२. व्यासात आठचा फरक, म्हणून ब्रेकचा गुटका चार मिलिमीटर खाली यावा लागतो. जुना ब्रेक तिथे पोहोचत नसेल, तर लांब हाताचे, ५५ ते ७३ मिमी पोहोचणारे कॅलिपर घालतो. आजच्या कॅलिपरची नळीसारखी नट फ्रेमच्या आत बसते. त्यासाठी चिमट्याच्या फक्त मागच्या बाजूचं भोक ८ मिमीचं करावं लागतं, पुढच्या बाजूला ड्रिल लावायचं नाही. ग्राहकाला फ्रेमला भोकही नको असेल, तर जुन्या पद्धतीचा लांब बोल्ट असलेला ब्रेक शोधतो. वेळ लागतो, पण मी मनापासून तेच सुचवतो.

गिअरमध्ये मी आठाच्या पुढे फारसा जात नाही. अकरा गिअर बसतात, पण आठची चेन जाड असते, जास्त टिकते, सांगलीतच मिळते, आणि चाळीस वर्षांच्या फ्रेममधला बारीकसारीक फरक ती सांभाळून घेते. शिमानोच्या क्लॅरिस संचाचे ब्रेकच्या लिव्हरमधले गिअर, पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते ३२. डाउन ट्यूबवरच्या जुन्या खटक्यांच्या जागी केबल अडवणारे छोटे स्टॉप बसतात, त्यामुळे काही कापावं किंवा वेल्डिंग करावं लागत नाही.

साताऱ्याच्या एका बँकेतल्या ताईंचा अनुभव सांगतो. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढायचं त्यांच्या मनात होतं, सायकल मोठ्या भावाची, सगळ्यांत हलका गिअर ४२–२८ चा (पुढे ४२ दात, मागे २८). त्यात पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.२ मीटर जाते. ३४–३२ केल्यावर सुमारे २.२५ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले, तर आधी ताशी साडेअकरा किलोमीटरचा वेग राखावा लागायचा, नाहीतर उतरून ढकलायचं. आता ताशी आठनेही पाय त्याच लयीत फिरतात. महिन्याभराने त्यांनी कासच्या रस्त्यावरून फोन केला. धाप लागली होती, पण त्या थांबल्या होत्या ते फोटो काढायला.

खर्चाचं मी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलतो. जुन्या फ्रेमवर चाकं, गिअर, ब्रेक सगळं नवं घातलं, तर रक्कम बऱ्यापैकी नव्या सायकलीइतकी होते. ज्याला फक्त सायकल हवी आहे त्याने नवी घ्यावी, आणि मी कुठली घ्यावी तेही सांगतो. ज्याला तीच सायकल हवी आहे, त्याचं काम मी करतो. लगाच्या (नळ्या ज्यात बसवतात त्या तुकड्याच्या) जोडाला तडा असेल किंवा नळी आतून गंजून पातळ झाली असेल, तर कितीही आग्रह झाला तरी नाही. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलींनाही मी आधुनिक पार्ट लावत नाही. त्यांचं ओव्हरऑइल करतो (सगळं खोलून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडतो), टायर बदलतो. त्या सायकली ज्या चालीसाठी बनल्या, त्याच चालीत त्या चांगल्या वाटतात. रंगाचंही तसंच. कुपवाडला पावडर कोटिंग छान होतं, पण मूळचा रंग आणि स्टिकर शाबूत असेल तर मी ग्राहकाला ते पुसू नका म्हणून विनवतो.

काढलेला प्रत्येक पार्ट आम्ही परत देतो. हे अण्णांचं खातं. सत्तरी उलटली तरी ते सकाळी येतात, जुने डिरेलर, खटके, कप, छर्रेसुद्धा धुऊन, तेल लावून, हळदीच्या व्यापाऱ्याकडून आणलेल्या कापडी पिशवीत घालतात, वर नंबर लिहितात. उद्या कोणाला सायकल पुन्हा होती तशी करावीशी वाटली, तर करता आली पाहिजे.

आता आम्ही तिघं आहोत. आयटीआयमधून आलेली एक मुलगी चाकं बांधते, आणि तिच्या हातचा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. एका सायकलला साधारण तीन आठवडे लागतात, कधी जास्तही.

सध्या स्टँडवर तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराची सायकल आहे. ॲल्युमिनिअमचा सीटपोस्ट पोलादी नळीत गंजून धरलाय, तसूभर हलत नाही. बीबी काढून फ्रेम उलटी टांगली आहे आणि नळीतून वरून तेल सोडतोय, म्हणजे ते पोस्टच्या टोकाशी जाऊन मुरेल. आज तिसरा दिवस. अण्णा सकाळपासून दोनदा येऊन बघून गेले. उद्या व्हाइसमध्ये सीटपोस्ट धरून फ्रेम हलक्या हाताने फिरवून बघणार आहोत.