गोधडीच्या पोटात घोंगडी

गेल्या जानेवारीत कॅनडात विनिपेगहून पोर्टेज ला प्रेरीकडे जाताना माझी गाडी हायवेवर बंद पडली. बाहेर उणे २८, वाऱ्यावर उडणारा भुरभुरा बर्फ, आणि बॅटरीनं मान टाकलेली. मदत यायला दीड तास लागला. तिथे अशा वेळी गाडी सोडून चालत निघायचं नसतं. बर्फात रस्ता दिसेनासा होतो, आणि घर कोसभर लांब असतं. आतच बसून राहायचं. माझ्या अंगावर दुकानातून आणलेली पातळ चादर होती, आणि पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, पुढच्या हिवाळ्याआधी गावी जाऊन गाडीसाठी गोधडी शिवून आणायची.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. दिवाळीत पोचले तेव्हा सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन गेली होती, वेचणी जोरात होती आणि सपरीत कापसाचा ढीग लागला होता. त्या ढिगाला टेकून बसूनच मी आईला सांगितलं, गोधडीत कापूस भरायचा नाही.

"कापूस पिकवनाऱ्याच्या घरची पोरगी तू, अन् तुह्या गोधडीत कापूस नाई? काऊन वं?"

तिला लागलं ते. मग नीट समजावलं. कापूस कोरडा आहे तोवर उबदार. पण बुटांचा, कपड्यांचा बर्फ गाडीत वितळतो. भिजलेल्या कापसाचे गोळे होतात, मधली हवा निघून जाते आणि तिच्याबरोबर ऊबही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आईनं सगळं ऐकलं, उठली आणि माळ्यावरून आबाजींची घोंगडी घेऊन आली.

काळी, राठ, धनगराकडून घेतलेली, दोन ठिकाणी कसरीनं खाल्लेली. चिंचोक्याची खळ अजून धरून होती. पावसात हिचीच खोळ करून आबाजी वावरात जायचे. दोन दिवस कडक उन्हात टाकली, काठीनं झोडपली, भोकं रफू केली.

वरच्या बाजूला भावांच्या सहा जुन्या जीन्स. "जीन बी कापसाचीच असते ना?" आईनं कापड बोटांत चोळत विचारलं. हो म्हटल्यावर कात्री तिनंच घेतली. मांड्या-गुडघ्यांची विरलेली जागा सोडून वीत-वीत चौकोन काढले. चार चौकोनांचे जोड एकत्र येतात तिथे मशीनच्या दोन सुया मोडल्या. मग जोड उकलून दोन्हीकडे दाबले, वरवंट्यानं ठोकून सपाट केले आणि तालुक्याहून १८ नंबरची सुई आणली. त्यानंतर एकही मोडली नाही.

अंगाकडच्या बाजूला आजीचं नऊवारी लुगडं, दुहेरी. घोंगडी अंगाला टोचते, म्हणून लुगड्याशिवाय चालणारच नव्हतं. आईला सगळीकडून धावदोरा घालायचा होता, पण तीन थरांतून सुई जाईना. गोणी शिवायच्या दाभणानं भोकं मोठी पडत होती, त्यातून लोकर बाहेर आली असती. शेवटी दर चौकोनाच्या कोपऱ्यावर जाड दोऱ्याची पक्की गाठ मारली. थर सरकत नाहीत, आणि टाक्यांनी दाबून न टाकल्यामुळे मधली हवाही राहते. पुढची गोधडी केली तरी मी गाठीच मारीन.

कडा शिवायला घेतल्या तेव्हा शेजारच्या काकू आल्या. बसल्या-बसल्या गार काय पडतं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाय. आईनं काही न बोलता खालची कड दीड वीत वर दुमडली आणि दोन्ही बाजू शिवून टाकल्या. पाय घालायला खोळ झाली. जीन्सचे दोन मागचे खिसे मी चौकोनांवर तसेच ठेवले होते. काकू म्हणाल्या, एकात काडीपेटी अन् मेणबत्ती ठेव, एकात गूळ-शेंगदाणे.

कापसाच्या काट्यावर साडेचार किलो भरली. विमानाच्या २३ किलोंतून तेवढे गेले, लोणच्याच्या बरण्या मागे ठेवाव्या लागल्या.

आता ती गाडीत मागच्या सीटवर असते. डिक्कीत ठेवत नाही, कारण थंडीनं डिक्कीचं झाकण गोठून बसतं आणि नेमकी गरज लागते तेव्हा उघडत नाही. खिशात गूळ आहे. शेंगदाणे मुलानं संपवले, परवा पुन्हा भरले.