अँटेलोप कॅन्यन : वाळवंटातली पाण्याची वाट

ॲरिझोनातल्या फिनिक्समधल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की ग्रँड कॅन्यन दाखवायचे हे ठरलेलेच असते, आणि आम्हीही तो रिवाज पूर्वीच पाळला होता. या खेपेस ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन गेलो ते फ्लॅगस्टाफच्याही बरेच उत्तरेला, पेज गावाबाहेर, नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या स्वशासित प्रदेशाच्या, जमिनीत असलेल्या लोअर अँटेलोप कॅन्यनला. घरापासून गाडीने साडेचार-पाच तासांवरची ही जागा छायाचित्रांमुळे इतकी परिचयाची झाली आहे की न जाताच ती पाहून झाली असे वाटू लागते. माझा आक्षेप आहे तो या परिचयालाच, कारण ही जागा रंगांची नसून पाण्याची आहे, आणि हे मला एकाही छायाचित्राने सांगितले नव्हते.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करत नाहीत आणि नावाहो नेशनमध्ये करतात, त्यामुळे त्या भागात मोबाइलवरची वेळ मध्येच बदलते. सहलींच्या वेळा मात्र ॲरिझोनाच्या घड्याळाप्रमाणे असतात. आईच्या मनगटावर साधे घड्याळ होते, त्यावरच आम्ही सगळे विसंबलो.

वरून पाहिले तर तिथे सपाट तांबूस खडक आणि त्यात पडलेली एक वेडीवाकडी भेग, याखेरीज काहीही दिसत नाही. या भेगेत पोलादी जिन्याने उतरायचे असते. जिने अतिशय उभे आहेत आणि आईच्या गुडघ्यांची मला काळजी होती, पण आमच्या गाईडने, एका नावाहो तरुणीने, तिला स्वतःच्या मागेच ठेवले आणि प्रत्येक पायरीवर थांबत खाली नेले. गाईडशिवाय इथे कोणालाही प्रवेश नाही. काही प्रवाशांना हा नियम जाचक वाटतो. मला तो सर्वस्वी योग्य वाटतो, कारण ही जमीन नावाहो लोकांची आहे आणि तिचा स्वभावही त्यांनाच ठाऊक आहे.

शेजारच्या अप्पर अँटेलोपची घळ तळाशी रुंद आणि वर अरुंद आहे, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी तिथे प्रकाशाचे झोत सरळ तळापर्यंत उतरतात. लोअरची घडण याच्या उलट आहे. इथे ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर परावर्तित होत खाली येते आणि वर पिवळसर दिसणारा तोच दगड खाली नारिंगी आणि तळाजवळ जांभळा भासतो. हे सारे खरोखर सुंदर आहे. पण आमच्या गटातल्या बहुतेकांनी ते मोबाइलच्या पडद्यावरच पाहिले. दर वळणावर थांबायचे, भिंतीत कोणता आकार दिसतो ते ऐकायचे, फोटो काढायचा आणि मागचा गट येऊन भिडण्याआधी पुढे सरकायचे, असा तो क्रम होता. इतक्या गर्दीत दगडाकडे नुसते पाहत उभे राहायला उसंत मिळत नाही, याचा मला मनापासून त्रास झाला.

एका वळणावर पुढची रांग अडली आणि काही मिनिटे आम्हाला जागीच थांबावे लागले. भिंत माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. वहीच्या पानांच्या कडांसारखे पातळ थर, काही तिरपे, काही त्यांना छेदून उलट दिशेला उतरणारे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या आणि मोडल्या. ते तिरपे थर म्हणजे त्या टेकड्यांचे उतार होत. वाऱ्याने रचलेला हा दगड पुढे पाण्याने आणि पाण्याबरोबर आलेल्या वाळूने कापला.

मी थर पाहत असताना बाबा वर पाहत होते. त्यांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला आहे. आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, दोन भिंतींच्या मध्ये, साल निघालेला एक ओंडका आडवा अडकून बसला होता.

"ही पूररेषा समज," बाबा म्हणाले, आणि लगेच गाईडकडे वळून त्यांनी विचारले, "याचे पाणलोट क्षेत्र कोणत्या बाजूला आहे?"

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. तिने दक्षिणेकडच्या पठाराकडे हात केला आणि आवाज उतरवून १९९७ ची हकिगत सांगितली. त्या वर्षी १२ ऑगस्टला पाऊस कोसळला तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला. कॅन्यनपाशी नावापुरता शिडकावा झाला. उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही. ते सगळे वाहत या घळीत आले, आणि जागा अरुंद होत गेली तसतसे ते उंच आणि वेगवान झाले. आत असलेले ११ पर्यटक त्यात गेले, एक गाईड तेवढा वाचला. तेव्हाच्या लाकडी शिड्याही पाण्याने नेल्या. आजचे खडकात ठोकून बसवलेले जिने त्यानंतरचे आहेत. बाबा ऐकत असताना त्यांचा हात भिंतीवरच होता.

जवळचे ग्लेन कॅन्यन धरण, हॉर्सशू बेंड हे कोलोरॅडो नदीचे वळण आणि परतीचा प्रवास पुढे यथासांग झाला.

मला सांगायचे आहे ते त्याच दिवशी वर आल्यानंतरचे. पठारावर वादळाची शक्यता असल्याने आमच्यानंतरच्या सहली थांबवल्या होत्या आणि तिकीट खिडकीपाशी एक गृहस्थ निरभ्र आकाशाकडे बोट दाखवून वाद घालत होते. लांबून आलेल्या माणसाची चिडचिड मी समजू शकतो. तरीही इथे जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत यायचे असेल, तर सहल रद्द होऊ शकते हे धरूनच यावे आणि खिडकीमागच्या माणसाशी हुज्जत घालू नये. डोक्यावरचे आकाश तिथे काहीच सांगत नाही. बाबांनी मला त्या गृहस्थांना ओंडक्याबद्दल सांगायला लावले, आणि मी ते सांगितले.