तो निर्दोष आहे, हे तुम्हाला कसं कळतं?

कळत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देऊन टाकलं, आता बाकीचं सांगते. अमेरिकेतल्या ज्या संस्थेत मी काम करते ती, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्यांचे खटले पुन्हा उघडायला लावते. संस्था सरकारी नाही, कुणाकडून फी घेत नाही, देणग्यांवर चालते. मी वकील नाही. तुरुंगातून आलेली पत्रं वाचायची, त्यांतली कुठली पुढे न्यायची याची टिपणं काढायची, हे माझं काम. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. नातेवाईक काळजीने विचारतात, ओळखीपाळखीचे जरा तिरकसपणे. "तुरुंगातला प्रत्येक जण म्हणणारच की मी काही केलं नाही. मग त्यातला खरा कोण, हे तुम्हाला कसं कळतं?"

प्रत्येक जण तसं म्हणत नाही, हे आधी नोंदवते. कितीतरी पत्रांत लिहिलेलं असतं की गुन्हा केला, पण शिक्षा फार झाली. कुणाला औषध मिळत नसतं, कुणाचा वकील फिरकलेलाच नसतो. निर्दोष असल्याचा दावा करणं तुरुंगात महागही पडतं. पॅरोलच्या, म्हणजे मुदतीआधी सशर्त सोडायचं का हे ठरवणाऱ्या, मंडळासमोर पश्चात्ताप दाखवावा लागतो. न केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप नाही म्हणालात, तर 'अजून सुधारणा नाही' असा शेरा बसू शकतो. वीस वर्षं हा शेरा पत्करून जो तेच लिहीत राहतो त्याचं पत्र मी जरा सावकाश वाचते. पण तो पुरावा नव्हे.

का नव्हे, ते रॉजर कोलमनच्या प्रकरणावरून कळेल. व्हर्जिनियातल्या ग्रंडी या गावात १९८१ साली त्याच्या मेहुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, आणि त्यासाठी त्याला देहदंड झाला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव जिम मॅक्लॉस्की. हे गृहस्थ आधी व्यवसाय सल्लागार होते. मग सगळं सोडून प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकायला गेले आणि तुरुंगात धर्मोपदेशक म्हणून जाऊ लागले. तिथे भेटलेला एक कैदी त्यांना निर्दोष वाटला. तो १९८३ साली सुटला, आणि त्यातून 'सेंच्युरियन' ही संस्था उभी राहिली, या कामातली सगळ्यांत जुन्यांपैकी एक. मॅक्लॉस्कींनी कोलमनसाठी जंग जंग पछाडलं. देशभर गाजावाजा झाला. तरीही मे १९९२ मध्ये त्याला वीजखुर्चीवर मारण्यात आलं. शेवटपर्यंत तो आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला, आणि मॅक्लॉस्कींनी त्याला शब्द दिला की तुझ्यामागे मी हे सिद्ध करीन.

शब्द त्यांनी पाळला. एका प्रयोगशाळेत जपून ठेवलेला नमुना नव्या डीएनए तंत्राने तपासावा, म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले. अखेर राज्यपालांनी परवानगी दिली. जानेवारी २००६ मध्ये निकाल आला. डीएनए कोलमनचाच होता.

या कामात नव्याने आलेल्यांना मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगते, आणि चेहरे उतरतात. मॅक्लॉस्की भोळे नव्हते. कागदपत्रं कशी पिंजून काढायची हे त्यांच्याइतकं थोड्यांनाच कळत असेल. निकाल लागल्यावर त्यांनी तो जाहीरपणे मान्य केला, आणि संस्था पुढेही काम करत राहिली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: उत्तर त्या नमुन्यात होतं. मॅक्लॉस्कींच्या खात्रीत नव्हतं, तसंच शिक्षा देणाऱ्यांच्या खात्रीतही नव्हतं. नमुना उघडायला मात्र देहदंडानंतर चौदा वर्षं जावी लागली. आम्ही भांडतो ते त्या उघडण्यासाठी. तपासण्यांत गुन्हा पक्का झालेली प्रकरणं आमच्या क्षेत्रात नवलाची नाहीत. अशा वेळी फाइल बंद होते आणि पुढची उघडते. त्या दिवशी कार्यालयात कुणी फारसं बोलत नाही, हे खरं.

मग पत्र वाचताना बघायचं काय? लिहिणाऱ्याच्या भाषेवरून काही ठरवायचं नाही, हा पहिला नियम. छान लिहिणाऱ्याचं आपल्याला पटतं, आणि हाच तर ज्युरीचा, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांचाही घोटाळा असतो. मी बघते शिक्षा कशावर उभी आहे ते. डीएनए तपासणीने जे निर्दोष ठरून सुटले, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांना कुणीतरी साक्षीदाराने चुकून ओळखलेलं होतं. चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रकरणांत खोटा कबुलीजबाब वा तत्सम विधान होतं. कबुलीजबाबाचं लोकांना पटतच नाही. न केलेला गुन्हा कोण कबूल करील, म्हणतात. तासन्‌तास एका खोलीत बसवलेला सोळा वर्षांचा मुलगा करतो. शिवाय तुरुंगातला 'शेजारी' असतो: याने माझ्यापाशी सगळं सांगितलं, असं तो कोर्टात सांगतो आणि त्याची स्वतःची शिक्षा कमी होते. आणि विज्ञानाच्या नावाखाली चाललेली भोंदूगिरी. सूक्ष्मदर्शकाखाली केस ताडून 'हा आरोपीचाच' असं सांगणाऱ्या जुन्या साक्षी एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने पुन्हा तपासल्या, आणि २०१५ साली मान्य केलं की तपासलेल्या खटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक खटल्यांत तज्ज्ञांनी अवास्तव दावे केले होते.

मार्विन अँडरसनच्या प्रकरणात यातलं बरंच एकत्र सापडतं. व्हर्जिनिया, १९८२. अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. एका तरुणीवर बलात्कार झाला होता, आणि हल्लेखोर तिला म्हणाला होता की त्याची मैत्रीण गोरी आहे. पोलिसांच्या माहितीत गोऱ्या मैत्रिणीबरोबर राहणारा एकच कृष्णवर्णीय मुलगा होता, तो हा. पोलिसांत त्याची नोंद नव्हती, म्हणून नोकरीच्या ओळखपत्रावरचा रंगीत फोटो आणला आणि इतरांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंत ठेवला. तिने रंगीत फोटो उचलला. नंतर प्रत्यक्ष ओळख परेड झाली, आणि फोटोंतल्या सगळ्यांपैकी परेडमध्ये उभा होता तो फक्त मार्विन. शिक्षा झाली २१० वर्षं. १९८८ मध्ये दुसऱ्याच माणसाने कोर्टात शपथेवर सांगितलं की हे मी केलं. न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही.

पुढचा भाग आमच्या कामाचा गाभा आहे. 'इनोसन्स प्रोजेक्ट' या संस्थेने डीएनए तपासणी मागितली, तेव्हा पुरावा नष्ट झाल्याचं उत्तर आलं. खरोखरच झाला होता. पण राज्याच्या प्रयोगशाळेत मेरी जेन बर्टन नावाच्या एक तज्ज्ञ होत्या. त्यांना एक सवय होती: तपासलेल्या नमुन्यांच्या कापसाच्या बोळ्यांचे तुकडे त्या आपल्याच टिपणवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवत. तसं करण्याची पद्धत नव्हती. २००१ मध्ये कुणीतरी त्यांच्या जुन्या वह्या उघडून पाहिल्या. बर्टन तेव्हा हयात नव्हत्या, बोळे होते. तपासणीत मार्विन निर्दोष ठरला, आणि डीएनए जुळला १९८८ साली कबुली देणाऱ्या त्या माणसाशीच. मार्विन पुढे अग्निशमन दलात गेला, त्याच 'इनोसन्स प्रोजेक्ट'च्या मंडळावरही. मग राज्याने बर्टन यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जुन्या फाइली पद्धतशीरपणे तपासायला घेतल्या, आणि त्यातून आणखी निर्दोष माणसं निघाली. या बाईंच्या मूळ चाचण्यांवर नंतर टीकाही झाली आहे, तेव्हा त्यांना देवी करायचं कारण नाही. त्यांच्या हातून फक्त एक गोष्ट फेकली गेली नाही.

न्यूयॉर्कचा ॲलन न्यूटन. १९८५ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा. १९९४ मध्ये त्याने तपासणी मागितली. पुरावा सापडत नाही, असं कळवण्यात आलं. वकील मागे लागत राहिले, पुन्हा पुन्हा शोधायला सांगत राहिले. २००५ मध्ये पाकीट सापडलं ते पोलिसांच्या गोदामात, पावतीवर जो पिंप क्रमांक लिहिला होता त्याच पिंपात. न्यूटन २००६ मध्ये सुटला. मधली सगळी वर्षं कुणी त्या पिंपात नीट हात घातला नव्हता, बाकी काही नाही.

म्हणून, "तुमच्याकडे कसली माणसं काम करतात?" असंही कुणी विचारतं तेव्हा मला कोर्टात टेबल बडवणारा वकील आठवत नाही. आठवतात आमच्या दोन पॅरालीगल, म्हणजे वकिलांच्या मदतनीस, ज्या कोर्टाच्या तळघरातल्या कारकुनाला नावाने ओळखतात, त्याच्या सुट्ट्या लक्षात ठेवतात आणि 'जळालं' या उत्तरावर 'जाळल्याची नोंद पाठवाल का?' असं गोड आवाजात विचारतात. नोंद पुष्कळदा नसते. नोंद नाही म्हणजे कदाचित जळालेलं नाही. एवढ्या 'कदाचित'वर आम्ही दोन-तीन वर्षं घालवतो.

वकील अर्थातच लागतात. 'इनोसन्स प्रोजेक्ट' १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये सुरू केलं ते बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोघांनी. दोघेही आधी ब्राँक्समध्ये गरीब आरोपींची वकिली करत. टेक्सासच्या मायकेल मॉर्टनला पत्नीच्या खुनाबद्दल १९८७ मध्ये जन्मठेप झाली. घराजवळ सापडलेल्या एका रक्ताळलेल्या रुमालाची तपासणी व्हावी म्हणून त्याच्या वतीने झगडले ह्यूस्टनचे जॉन रेली, ज्यांचा रोजचा व्यवसाय दिवाणी दाव्यांचा, आणि 'इनोसन्स प्रोजेक्ट'च्या नीना मॉरिसन. सरकारी वकिलांनी त्या एका रुमालासाठी कित्येक वर्षं विरोध केला. अखेर तपासणी झाली आणि २०११ मध्ये मॉर्टन सुटला. रुमालावरचा दुसरा डीएनए ज्याचा होता त्याने, मॉर्टन तुरुंगात असताना, १९८८ मध्ये आणखी एका स्त्रीचा जीव घेतला होता. नीना मॉरिसन २०२२ पासून संघीय न्यायाधीश आहेत. उलट वाटेने आलेला जॅरेट ॲडम्स: विस्कॉन्सिनमध्ये खोट्या आरोपात अडकला, तिथल्या विद्यापीठातल्या इनोसन्स प्रोजेक्टच्या मदतीने २००७ मध्ये सुटला, वकील झाला आणि काही काळ याच क्षेत्रात काम केलं.

या संस्था मुळात लागतातच का? तर पहिल्या अपिलापर्यंत गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यापुढे राज्यघटना तशी हमी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केलं. आणि अपिलात मुख्यतः खटला नियमाने चालला का, ते बघतात. माणसाने ते केलं का, हा प्रश्न ज्युरीने निकालात काढलेला असतो. नवा पुरावा बहुतेक वेळा उगवतो तो याच्या बऱ्याच नंतर, जेव्हा माणसाकडे वकीलही नसतो आणि पैसाही.

सगळ्यांत वाईट काम नकाराची पत्रं लिहिण्याचं, आणि तेही माझ्याकडेच आहे. डीएनए सगळीकडे नसतो. रस्त्यावर लांबून गोळी झाडली गेली, मागे काही राहिलं नाही, एका साक्षीदाराने बोट दाखवलं. अशा प्रकरणात तपासायचं काय? काही संस्था तीही घेतात, साक्षीदार शोधत हिंडतात, पण त्यांच्याकडचीही रांग मोठी. 'आम्ही तुमचं प्रकरण घेऊ शकत नाही, याचा अर्थ तुम्ही दोषी आहात असं आम्हाला वाटतं असा नाही' हे वाक्य आमच्या पत्रात असतं. माझ्या आधीच्या कुणीतरी ते घातलेलं आहे. मी त्यात कधी फेरफार केला नाही.

अजून एक प्रश्न, तोही रास्तच: "आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांचं काय?" जेनिफर थॉम्पसन नॉर्थ कॅरोलिनातली विद्यार्थिनी होती. १९८४ मध्ये तिच्यावर बलात्कार झाला. हल्ला होत असताना तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला, उद्या ओळखता यावा म्हणून, आणि नंतर पूर्ण खात्रीने रोनाल्ड कॉटनला ओळखलं. १९९५ मध्ये डीएनएने दाखवलं की माणूस दुसराच होता. पुढे ती आणि कॉटन एकत्र बोलू लागले, साक्षीदाराकडून ओळख कशी करून घ्यावी याचे नियम बदलावेत म्हणून एकत्र हिंडले. अशा निकालांनी होरपळलेल्या सगळ्यांसाठी, पीडितांसकट, तिने 'हीलिंग जस्टिस' ही संस्था काढली. निर्दोष माणूस आत असतो तेव्हा दोषी बाहेर असतो, एवढं तर मॉर्टनच्या प्रकरणातही दिसलंच. पण पीडितेला वर्षानुवर्षांनी फोन करून 'तो नव्हता' हे सांगण्याची वेळ येते तेव्हा हे वाक्य काही कामाचं नसतं. तो फोन कुणी करायचा, कधी, कुणाला शेजारी बसवून, यावर आमच्याकडे निकालापेक्षा जास्त चर्चा होते.

सुटल्यावरचं तर कुणी विचारतच नाही. कॅमेरे असतात, आलिंगनं असतात, ती तुम्ही पाहिलेली असतात. पॅरोलवर सुटलेल्याला निदान एक अधिकारी नेमलेला असतो, कुठेतरी राहायची सोय होऊ शकते. निर्दोष ठरलेल्याचा तर तुरुंग खात्याशी संबंधच संपतो, म्हणून काही ठिकाणी त्याला तेवढंही मिळत नाही. भरपाईचे कायदे आहेत: संघीय खटल्यांत तुरुंगात काढलेल्या दर वर्षामागे ५०,००० डॉलरपर्यंत, टेक्सासमध्ये दर वर्षाचे ८०,०००. काही राज्यांत कायदाच नाही. जिथे आहे तिथेही पैसे यायला काळ जातो. म्हणून आमच्याकडची समाजकार्यकर्ती सुटकेच्या तारखेची वाट बघत नाही. प्रकरण कोर्टात उभं राहिलं की ती माणसाच्या जन्मदाखल्यामागे लागते. दाखल्याशिवाय ओळखपत्र निघत नाही, ओळखपत्राशिवाय बँकेत खातं उघडत नाही, आणि वीस वर्षांच्या भरपाईचा धनादेश आलाच, तर तो भरायचा कुठे?